आमची वाटचाल: जनरेटरच्या माउंटपासून रणगाड्याच्या हादऱ्यांपर्यंत

भोसरीच्या आमच्या शेडमध्ये सुरुवातीला जनरेटर आणि पंपांची रबरी माउंट, म्हणजे हादरे अडवणारे आधार, बनायची. मग चाकणच्या गाड्यांचे ब्रॅकेट आले. आता भर आहे तो लष्करी वाहनांतल्या इलेक्ट्रॉनिक बॉक्सची माउंट आणि ती तपासायच्या फिक्स्चरवर, म्हणजे चाचणीच्या थरथरत्या टेबलावर बॉक्स पकडून ठेवणाऱ्या आधारावर. चौकशी मात्र अजून तीच येते: "हादरे बसतात, मऊ रबर द्या." रणगाड्याच्या कामात याला बऱ्याचदा नाही म्हणावं लागतं, कारण तिथे सरकण्यापेक्षा झुकणं महाग पडतं.

कोन न बदलता तोफ १० मिलिमीटर वर सरकली, तर गोळाही साधारण तेवढाच वर लागेल. पण ती अर्धा मिलिरेडियन (एका अंशाचा साधारण पस्तिसावा भाग) झुकली, तर २ किलोमीटरवर १ मीटरचा फरक पडतो. त्यात वेगाची भर. १७०० मीटर प्रतिसेकंद वेगाने गोळा सुटताना नळीचं तोंड आडवं १ मीटर प्रतिसेकंद हलत असेल, तर तेवढ्याच अंतरावर सव्वा मीटरच्या आसपास चूक होते.

जमिनीच्या खड्ड्यांमुळे रणगाडा सेकंदाला एक-दोनदा डोलतो. हे स्टॅबिलायझर, म्हणजे रणगाडा डोलला तरी तोफ नेमावर स्थिर ठेवणारी यंत्रणा, चांगलं सांभाळतो. रणगाडा ज्यावर धावतो त्या पट्ट्याचा त्रास वेगळा. टी-७२ रणगाड्याच्या पट्ट्याची कडी १३७ मिलिमीटरची, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरला ७३ हर्ट्झ (सेकंदाला ७३ धक्के) आणि ताशी २० ला ४० हर्ट्झ. वेग बदलला की वारंवारताही सरकते, म्हणून कुठल्यातरी वेगाला बॉक्सच्या स्वतःच्या वारंवारतेशी गाठ पडतेच आणि हादरे वाढतात. इतक्या वेगाने अवजड तोफ वरखाली करणं स्टॅबिलायझरला जमत नाही. त्यामुळे आधुनिक यंत्रणेत ट्रिगर दाबल्यावरही तोफ आणि साइटची (नेम धरायच्या दुर्बिणीची) रेषा जुळेपर्यंत गोळा सुटत नाही. शिवाय तोफेचं झुकणं स्टॅबिलायझरला कळवणारा जायरो असतो नळीच्या मुळाशी. सहा मीटर पुढचं तोंड किती लवलंय हे त्याला कळत नाही. तोंडावर आरसा बसवतात, तो उन्हाने आलेला वाक मोजायला. धावतानाच्या थरथरीला त्याचा सहसा उपयोग नाही.

म्हणून जायरो आणि साइट रबरावर नको. रबर दबून साइटची रेषा तोफेपासून ढळते, आणि जायरोचा सिग्नल मागे पडला की स्टॅबिलायझर स्वतःच डुलू लागतो. तिथे जाड ब्रॅकेट, सपाट घासलेली बैठक आणि जागा पक्की करणारी डॉवेल पिन. रबर फक्त बॉक्सला.

बॉक्सच्या वजनाने माउंट १ मिलिमीटर दबत असेल तर त्यावरच्या बॉक्सची स्वतःची वारंवारता सुमारे १६ हर्ट्झ, ४ मिलिमीटरला ८. हादरे कमी व्हायला लागतात ते याच्या १.४ पटीच्या वर. त्याखाली उलट वाढतात. चारही माउंट एकाच लॉटची आणि मोजून जुळवलेली हवीत. शोअरमध्ये (रबराच्या कडकपणाच्या मापात) ±५ ची सूट चालते, पण तेवढ्या फरकाने एक कोपरा कडक राहतो आणि बॉक्स सरळ वरखाली होण्याऐवजी झुकतो. डिझेल, तेल उडणाऱ्या जागी नैसर्गिक रबर फुगतं, तिथे नायट्राइल किंवा निओप्रीन. रबर धातूपासून सुटतं ते बहुधा कडेने: ब्लास्टिंगनंतर (वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने पत्रा साफ केल्यावर) त्याला हात लागलेला असतो, किंवा प्रायमर पुरता वाळण्याआधीच वरचा थर दिलेला असतो.

फिक्स्चर आम्ही ॲल्युमिनियम ६०६१ च्या ठोकळ्यातून मिलिंग करून काढतो. पट्ट्याच्या वाहनांची चाचणी ५०० हर्ट्झपर्यंत जाते, म्हणून फिक्स्चरची स्वतःची पहिली वारंवारता ५०० च्या बरीच वर ठेवतो. बोल्टने जोडलेले तुकडे घसरतात, आवाज करतात. कंट्रोलचा ॲक्सिलरोमीटर (ज्याच्या मापावर चाचणीचे हादरे ठरतात तो सेन्सर) बॉक्सच्या बोल्टजवळ लावावा. टेबलावर लावला तर फिक्स्चरचा दोष बॉक्सच्या नावावर जातो.