मागीलदारचा माच, नोंद ४: फुकटच्या फणसाचा हिशेब

गेल्या नोंदीत जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे बारा खांब उभे राहिले होते आणि मी फुशारीने लिहिलं होतं की आता फक्त लाकूड ठोकायचं बाकी आहे. ते वाक्य मागे घेतो. मधे अकरा रविवार गेले. माच मात्र आता उभा आहे, त्यावर खुर्ची ठेवून मी हे लिहितोय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. घर कोकणातल्या अंजर्ल्याचं. मागच्या दारातून उतरलं की विहीर, आणि विहिरीपलीकडे सुपारीचं आगर. मधल्या उतारावर पावसाळाभर शेवाळ. तिथे १२ फूट बाय १० फुटांचा लाकडी माच घालायचा बेत. बायको त्याला डेक म्हणते. आई म्हणते, "शेणाने सारवलं असतंस तर शंभर रुपयांत झालं असतं." त्यावर आईला काय उत्तर द्यावं, ते अजून मला सुचलेलं नाही.

पायाचा खर्च आधी उरकतो. चिरे ४८, नगाला ४५ रुपये, म्हणजे २,१६०. त्यांची गाडी १,२००. सिमेंटची ४ पोती १,५६०, वाळू-खडी १,८००, गवंडी आणि गडी दोन दिवसांचे ३,०००. एकूण ९,७२०. गवंड्याने बाराही खांबांची पातळी पाण्याच्या नळीने काढली. मी लेझर लेव्हल घेऊन शेजारी उभा होतो, ती उन्हात दिसलीच नाही.

खांब दीड फूट उंच ठेवले ते दिसण्यासाठी नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. लाकूड जमिनीला टेकलं की वाळवी आलीच. खालून वारा खेळला पाहिजे. शिवाय जांभा पाणी पितो, म्हणून प्रत्येक खांबाच्या डोक्यावर डांबरी कागदाचा तुकडा आणि मग त्यावर तुळई. वाशांच्या पाठीवरही त्याच कागदाच्या पट्ट्या मारल्या, कारण दोन लाकडं एकमेकांना चिकटतात तिथेच पाणी मुरतं. कागदाचे १,१००.

सांगाड्याला ऐनाचं लाकूड. ४ बाय ३ इंचाच्या बारा फुटी तुळया तीन, म्हणजे ३ घनफूट. ४ बाय २ चे दहा फुटी वासे नऊ, दीड-दीड फुटावर, म्हणजे ५ घनफूट. ज्यांना हिशेब घालायचाय त्यांच्यासाठी: लांबी फुटांत, रुंदी-जाडी इंचांत, गुणाकार करून १४४ ने भागायचं. वखारवाला तोंडी सांगतो तो आकडा एकदा स्वतः मांडून बघावा, एवढंच म्हणतो. ८ घनफूट, १,४०० च्या भावाने ११,२०० आणि गाडीभाडं ९००.

आता फणस. वरच्या फळ्यांना सागाचा भाव विचारला तेव्हा घनफुटाला ३,८०० रुपये ऐकून मी मुकाट घरी आलो. पण आपल्याकडे फणस होता ना! ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आगरातल्या निम्म्या पोफळी मोडल्या आणि विहिरीजवळचा जुना कापा फणस मुळासकट आडवा झाला. पुढच्या वर्षी तो कापून आणला आणि जुन्या गोठ्यात थप्पी लावली, प्रत्येक थरामधे काठ्या घालून, टोकांना रंग फासून. लाकूड इंचाला एक वर्ष वाळतं असा ठोकताळा आहे, माझ्या सव्वा इंची फळ्यांना त्याहून बराच जास्त वेळ मिळाला. पहिल्या नोंदीत मी लिहिलं होतं, "फळ्या फुकट." परवा जुन्या वहीत तेव्हाच्या पावत्या सापडल्या.

झाड आपलं, पडलं आपोआप, तरी फणस १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीतला. ओंडके रस्त्यावर काढायचे तर सातबारा आणि वनखात्याचा वाहतूक परवाना लागला. करवतवाल्यांनी ओंडके पाडायचे ३,५०० घेतले. टेम्पो सॉ मिलला जाऊन-येऊन ३,६००. चिराई १६ घनफुटांची, १२० च्या दराने १,९२०. या वर्षी फळ्या मशीनच्या रंध्याखालून काढल्या, त्याचे २,४००. झाले ११,४२०. आणि माचावर प्रत्यक्ष बसलं किती? सहा फुटी, ४ बाय १ च्या ५६ फळ्या, म्हणजे सव्वानऊ घनफुटांच्या जरा वर. बाकीच्यातल्या थोड्या फळ्या शिल्लक राहिल्या, बराचसा भुसा झाला, काही तडकलं, आणि सालीलगतचं पांढरं लाकूड किड्याने खाल्लं होतं ते बंबात गेलं. भागाकार केला: घनफुटाला सव्वाबाराशे रुपये. फुकटचा फणस विकतच्या ऐनापेक्षा पावणेदोनशेच रुपयांनी स्वस्त.

पण रंध्याखालून पहिली फळी बाहेर आली तेव्हा आम्ही दोघं-तिघं गप्प झालो होतो. हळदीसारखा पिवळा गाभा, मधे तांबूस रेघा. उन्हाने तो वर्षभरात तपकिरी होणार हे माहीत आहे. तरी.

स्क्रूवर मी सर्वांत जास्त भांडलोय, तेही स्वतःशीच. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. तीन वर्षांपूर्वी केलेल्या बाकाला पिवळे झिंकचे स्क्रू मारले होते, एका पावसात डोकी गळून पडली. त्यात ऐनामध्ये टॅनिन भरपूर, साधं लोखंड लागलं की भोवती शाईसारखा काळा डाग उठतो. स्टेनलेसमध्येही ३०४ नंबरचं खाऱ्या हवेत तांबूस पडतं. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला दाद देत नाही. नगाला ११ रुपये, ६०० नग, ६,६००. दुकानदार म्हणाला, "होडी बांधताय का?" प्रत्येक स्क्रूआधी ३ मिलिमीटरचं भोक, नाहीतर फणस फाटतो. ड्रिलची पाती आणि किरकोळ हत्यारं १,४५०.

दोन्ही तेलांचे मिळून २,६००. वासे-तुळयांना काजूच्या टरफलाचं तेल, होड्यांना लावतात तेच. १० लिटर ९०० रुपयांना. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, मी गेलो. हातमोज्याला भोक होतं, उजव्या हाताच्या अंगठ्यावर आलेला फोड पंधरा दिवस टिकला. अनवाणी बसायच्या जागी ते अजिबात नको, म्हणून वर डबल बॉइल्ड जवसाचं तेल, टर्पेंटाइन घालून पातळ केलेलं. त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. मी विहिरीच्या कठड्यावर एकेक पसरून वाळवतो.

एवढ्यावर बेरीज आली ४४,९९०. पंचेचाळीस हजारांच्या आत बसवलं म्हणून मी खुशीत, आणि दुसऱ्याच रविवारी घोळ. बारा फुटी सलग फळ्या फणसातून निघाल्या नाहीत, म्हणून सहा-सहा फुटी दोन, सांधा मधल्या वाशावर. वासा दोन इंची. म्हणजे प्रत्येक फळीच्या टोकाला टेकायला मिळाला एक इंच, आणि स्क्रू टोकापासून अर्ध्या इंचावर. पहिली फळी चर्रकन फाटली तेव्हा वाटलं लाकूड खराब. सातवी फाटल्यावर कळलं सुतार खराब. वाडीतले सुतारकाका येऊन बघून गेले आणि एवढंच म्हणाले, "मधला वासा जोडवासा पाहिजे होता रे." त्याच्या अंगाला अंग लावून दहावा वासा बसवला, स्क्रू टोकापासून दीड इंच आत घेतले, एकही फळी फाटली नाही. ऐनाचे ७८० वाढले. फाटलेल्या सातांच्या जागी शिल्लकीतल्या फळ्या बसवल्या.

तर आजचा आकडा ४५,७७०, म्हणजे चौरस फुटाला ३८१. डब्ल्यूपीसीचा, म्हणजे लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाच्या तयार फळ्यांचा भाव, लोखंडी सांगाड्यासकट बसवून, मला ४८० सांगितला होता. माझ्या मजुरीचे शून्य धरलेत, ते बायकोसमोर बोलू नका.

फळ्यांमधे पाव इंच फट आहे, पाणी झरझर खाली जातं. बादली ओतून पाहिलं. खाली मांजर व्यायली आहे, तिला बादली आवडली नाही. उरलं काय: विहिरीकडच्या तीन पायऱ्या, आणि मिरगाच्या पावसाआधी तेलाचा दुसरा हात. तो या रविवारी व्हायचा होता. पण आईने पहाटेच बरक्या फणसाच्या रसाची सतरा ताटं माचावर मांडली. "इथे ऊन चांगलं लागतं," म्हणाली. फणसपोळी वाळून ताटातून सुटायला अजून दोन दिवस आहेत, मी डबा बंद करून ठेवलाय.