कान दुखतोय म्हणून आलेल्या मावशी

एप्रिल महिना होता. सोलापुरात सकाळी दहालाच पत्रा तापतो, आणि आमचं शिबिर पत्र्याखालीच होतं. पूर्व भागातलं एक समाजमंदिर, विडी कामगार बायकांची तोंड तपासणी. दातांची खुर्ची न्यायची सोय नव्हती. प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवली, कपाळाला दिवा बांधला, टेबलावर आरसे, गॉज आणि हातमोजे मांडले. येणाऱ्या बायकांचं मागणं ठरलेलं असतं. दात हलतोय, काढून द्या. दात साफ करा. कवळी कधी मिळंल? मी मानेला हात लावला की लगेच विचारतात, "मानेला काय झालंय ओ मॅडम?"

या मावशींना मात्र दातांचं काहीच सांगायचं नव्हतं. साठीच्या आसपासच्या, तेलुगू बोलणाऱ्या. सोबत सून. सून म्हणाली, "अत्तम्माचा डावा कान दोन महिने झाले ठणकतोय. औषध घातलं कानात, फरक न्हाई. तुम्ही बगता का?" तिच्याकडं एका दवाखान्याचा कागद होता. कानाचा पडदा नॉर्मल असल्याचं त्यावर लिहिलं होतं, आणि मला तरी त्यात खोटं वाटलं नाही. कान खरंच चांगला असेल, तर दुखणारी जागा दुसरीकडं असू शकते. जिभेच्या पुढच्या भागाची संवेदना नेणारी नस आणि कानाच्या पुढच्या भागाकडे जाणारी नस या एकाच मोठ्या नसेच्या फांद्या. जिभेच्या मुळाचा आणि घशाचाही कानाशी असाच संबंध, फक्त नस वेगळी. म्हणून तंबाखूशी संबंध असलेल्या माणसाचा एकच कान दुखत असेल आणि कानात काही सापडत नसेल, तर तोंड आणि घसा बघितल्याशिवाय मी त्याला सोडत नाही.

तरी सुरुवात बाहेरूनच केली. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का, जबडा उघडताना एकीकडं सरकतो का, ते पाहिलं. मग मागं उभी राहिले. मान तपासताना रुग्णाच्या मागं उभं राहायचं. हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगायची, म्हणजे स्नायू सैल पडतात. बोटांच्या टोकांनी टोचायचं नाही. बोटांच्या पोटांनी जबड्याच्या हाडावर गाठ घोळवून बघायची. दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या एकाच वेळी दाबायच्या नाहीत, हे नवख्या मुलांना दरवेळी सांगावं लागतं. गळ्यातले मणी काढायला मावशी तयार नव्हत्या. सुनेनं ते पदरासकट एका बाजूला धरले. डाव्या जबड्याखाली चिंचोक्याएवढी गाठ लागली. दाबल्यावर दुखली नाही. हलत होती, पण जरा घट्ट. उजवीकडं तसं काही नव्हतं.

"तंबाखू खाता का?" या प्रश्नाला शिबिरात "न्हाई" हेच उत्तर येतं, त्यातून सून शेजारी उभी. मी हल्ली तसं विचारतच नाही. आधी खालचा ओठ आणि गाल ओढून हिरडीशेजारची खाच बघते. डावीकडं तिथली कातडी पांढुरकी, सुरकुतलेली होती. तंबाखूची गोळी ठेवायची जागा तीच. गॉजनं पुसलं, पांढरं निघालं नाही. मग विचारलं, "डावीकडंच ठेवता ना?" मावशींनी सुनेकडं पाहिलं आणि मान हलवली. विड्या वळणाऱ्या बाईला तंबाखू वेगळी विकत घ्यायची गरजच पडत नाही. ती समोरच्या सुपात असते.

जीभ पुढं काढून कुणी "आ" केलं की वरचा भाग दिसतो, आणि बरेच जण तिथंच थांबतात. खरी बघायची जागा जिभेची मागची कड. गॉजनं जिभेचं टोक धरायचं, एका बाजूला ओढायचं आणि आरशानं गाल दूर करायचा. (तिथं उभ्या सुरकुत्यांसारखे काही उंचवटे सगळ्यांनाच असतात. आरशात ते बघून घाबरून येणारेही कमी नाहीत. दोन्ही बाजूंना सारखे असले तर काळजी नसते.) मावशींच्या डाव्या कडेला फोड नव्हता, व्रण होता. समोरच खालची दाढ तुटलेली, धारदार. सून म्हणाली, "दात घासतोय म्हणून झालंय ते. मीच बोलले होते काढून टाका म्हणून."

तसंही असू शकतं. दात लागून झालेला व्रण असेल, तर धार घासून काढायची आणि दोन आठवडे वाट पाहायची. तेवढ्यात भरला नाही, तर तुकडा तपासायला पाठवायचा. पण मी बोट ठेवलं तर व्रणाच्या कडा टणक होत्या, आणि तो टणकपणा दिसणाऱ्या व्रणाच्या बराच पुढं जात होता. एक बोट जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून जबड्याखाली धरून तोंडाचा तळ चाचपला. तो मऊ होता. मावशींना दुखतंय का विचारलं. "नोप्पी लेदु," म्हणाल्या. एवढा व्रण आणि दुखत नाही, हे मला आवडलं नाही. वर ती गाठ. मी दोन आठवडे थांबायचं नाही असं ठरवलं.

सुनेला बाजूला घेऊन सांगायला लागले, तर मावशी तेलुगूत काहीतरी करड्या आवाजात बोलल्या. सून म्हणाली, "माझ्यासमोर बोला म्हणतात." मग दोघींसमोर सांगितलं: व्रणाचा तुकडा काढून बघू, रिपोर्ट वाईट निघाला तर ऑपरेशन, आणि उशीर करायचा नाही. मावशींनी एकच विचारलं, किती दिवस काम बुडणार? पैसे वळलेल्या दर हजार विड्यांमागे मिळतात, बसून राहिलं की काहीच नाही.

तुकड्याचा रिपोर्ट स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचा, म्हणजे कर्करोगाचाच आला. मी बार्शीला पाठवलं. सोलापूर जिल्ह्यातल्या लोकांना बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल माहीत असतं. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीलाच सुरू झाली. जिभेची कड काढली, डाव्या मानेतल्या गाठीही (सगळ्यांनाच असतात त्या लसिका ग्रंथी) काढल्या. सुनेचा फोन आला होता, जिभेला झालंय तर मान कशाला कापायची? मी तिला टाटा मेमोरियलचा २०१५ साली छापून आलेला अभ्यास सोप्या भाषेत सांगितला. मानेत हाताला काहीच लागत नसलेले रुग्णसुद्धा गाठी आधीच काढल्या तर जास्त जगले होते. इथं तर गाठ हाताला लागलीच होती.

ऑपरेशननंतरचा कागद मी दोनदा वाचला. जबड्याखालची ती चिंचोक्याएवढी गाठ, जिच्यामुळं मी घाई केली, ती नुसती सुजलेली निघाली, बहुधा त्या किडक्या दाढेमुळं. कर्करोग होता तो वरच्या मानेतल्या, स्नायूखालच्या एका लहान गाठीत. माझ्या बोटांना ती लागलीच नव्हती. आता शिकाऊ मुलं "मान क्लिअर आहे" असं लिहायला लागली की मी त्यांना "हाताला गाठ लागली नाही" असं लिहायला लावते.

मावशी दर महिन्याला तपासणीला येतात. बोलणं थोडं बोबडं झालंय, कान दुखायचा थांबलाय. गेल्या वेळी मी मागं उभी राहिले, तर मणी त्यांनी स्वतःच काढून सुनेच्या हातात दिले. विड्या वळणं चालूच आहे. मी एकदा त्यावर बोलले, तेव्हा त्यांनी विचारलं, "मग दुसरं काम तुम्ही देता का?"