मधमाशा, शिकारी आणि एक ‘वा’

आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या चिचेवा भाषेत ‘मधमाशा शिकाऱ्यांना चावल्या’ हे दोन तऱ्हांनी म्हणता येतं. ‘न्जुची’ म्हणजे मधमाशा, ‘अलेन्जे’ म्हणजे शिकारी. ‘न्जुची झिनालुमा अलेन्जे’, नाहीतर ‘न्जुची झिनावालुमा अलेन्जे’. फरक फक्त एका ‘वा’चा. क्रियापद सोडवून पाहिलं तर ‘झि’ ही माशांची खूण, ‘ना’ भूतकाळाचा, ‘वा’ शिकाऱ्यांची खूण आणि त्याला चिकटून ‘लुम’ हा चावण्याचा धातू. जोन ब्रेझनन आणि मूळचे मलावीचे सॅम म्चोम्बो या भाषाशास्त्रज्ञांनी १९८७ साली याच वाक्यांवर लेख लिहिला. तेव्हापासून बांटू, म्हणजे चिचेवा ज्या कुळातली त्या आफ्रिकी भाषांच्या, व्याकरणाच्या वर्गात या माशा घोंघावतायत. मी त्या आधी कागदावर शिकले. प्रत्यक्ष ऐकल्या त्या मलावीत, झोम्बा शहरात, एका निवृत्त शिक्षिकेच्या ओसरीवर.

त्यांना सगळे अमायी, म्हणजे आई, म्हणतात, मीही तेच म्हणायचे. मूळच्या मलावीतल्याच डोवा जिल्ह्याकडच्या, घरची भाषा चिचेवा, आयुष्य शाळेत गेलेलं. वाक्य खटकलं की कपाळाला आठी घालायच्या आणि गप्प बसायच्या. त्या आठीवर माझा व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त विश्वास आहे.

त्या दिवशी मी कर्ता, कर्म आणि क्रियापद अशा तीन चिठ्ठ्या नेल्या होत्या. तीन शब्द म्हणजे सहा क्रम. ‘वा’ असलेलं क्रियापद ठेवलं, तर अमायींनी चिठ्ठ्या कशाही फिरवल्या, सगळे क्रम त्यांना चालले. माशा आधी, शिकारी आधी, क्रियापद आधी, काही बिघडलं नाही. मग ‘वा’ नसलेलं क्रियापद ठेवलं. आता फक्त दोन क्रम उरले, आणि दोन्हींत शिकारी क्रियापदानंतर लगेच. मध्ये माशा घातल्या की आठी. शिकारी क्रियापदाआधी नेले की आठी. लेखात नेमकं हेच लिहिलंय, त्यामुळे इथवर नवल काहीच नव्हतं.

नवल पुढे घडलं. ‘झिनावालुमा अलेन्जे’ हे वाक्य ऐकून अमायींनी मलाच विचारलं, “म्वाना वांगा (माझ्या लेकरा), या शिकाऱ्यांबद्दल आधी कोण बोलत होतं?” मी म्हटलं, कुणीच नाही, हे एकटंच वाक्य आहे. त्यांना ते पटेना. त्या टेकून बसल्या आणि वाक्याला गोष्टच जोडून दिली. शिकारी रानात गेले, झाडाच्या ढोलीत मध दिसला, एकाने धूर केला, माशा खवळल्या... आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या तोंडून ‘झिनावालुमा’ सहज आलं, शिकाऱ्यांचं नाव न घेता. नाव आलं ते किंचित थांबून, शेवटी. आपण म्हणतो ना, “चावल्या त्यांना, त्या शिकाऱ्यांना”, अगदी तसं. मराठीतही तो स्वल्पविराम ऐकू येतो.

ते थांबणं मोजता येतं. चिचेवात बोलण्याचा एक तुकडा संपतो तिथे शेवटून दुसरा स्वर लांबतो. रात्री ध्वनिमुद्रण लावून आलेख पाहिला. ‘वा’ नसताना लांबलेला स्वर ‘अलेऽन्जे’त होता, म्हणजे क्रियापद आणि शिकारी एकाच तुकड्यात. ‘वा’ असताना ‘झिनावालूऽमा’तला ‘लु’ही लांबला होता, क्रियापदाशी तुकडा तिथेच बंद. शिकारी बाहेर. कर्माची जागा ‘वा’ने आधीच घेतलेली असते, म्हणून नाव कुठेही ठेवता येतं. कागदावरचा सिद्धान्त असा कानाने ऐकणं हा माझ्या कामातला सगळ्यात मोठा आनंद आहे, आणि त्या रात्री मी तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा लावत बसले.

म्हणूनच या खुणेला सरसकट ‘कर्माशी जुळणी’, म्हणजे क्रियापदाने कर्माप्रमाणे रूप बदलणं, म्हणणं मला मान्य नाही. चिचेवात ते सर्वनाम आहे. खात्री हवी असेल तर प्रश्न विचारून पाहावा. ‘मुकुफुना चियानी?’ म्हणजे ‘तुम्हाला काय हवंय?’, रोजचं वाक्य. त्यात ‘चि’ ही कर्माची खूण घालून ‘मुकुचिफुना चियानी?’ म्हटलं की अमायींची आठी आलीच. जे अजून कळायचंय त्याला ‘ते’ कसं म्हणणार?

स्वाहिली या दुसऱ्या बांटू भाषेत गोष्ट वेगळी. तिथे ‘मी जुमाला पाहिलं’ म्हणजे ‘निलिम्वोना जुमा’, त्यातला ‘म्व’ ही जुमाची खूण; माणसाची खूण क्रियापदात सहसा हवीच. पुस्तकाला ती बहुधा ठरावीक पुस्तक असेल तेव्हाच. इथे मला शाळेतले प्रयोग आठवतात. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’ हा कर्मणी, क्रियापद कर्मामागे चालतं. ‘रामाने रावणाला मारलं’ हा भावे, ‘ला’ आला की क्रियापद कर्माचा हात सोडतं. म्हणजे माणूस कर्म झाला की मराठी क्रियापद त्याच्यापासून सुटतं आणि स्वाहिली क्रियापद त्याला धरतं. दोन्ही भाषांना वेगळेपण त्याच जागी दाखवावंसं वाटतं, वाटा मात्र उलट. यावर मराठीत कुणीतरी नीट, सविस्तर लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

चिचेवाचं ‘वा’ आदरार्थीही चालतं. एकट्या अमायींबद्दल बोलतानाही ‘वा’च, जसं आपण एकाच बाईंना ‘बाई आल्या’ म्हणतो. अमायींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मराठीतली आणखी वाक्यं मागितली आणि वहीत उतरवून घेतली.

निघण्याआधी शेवटचा प्रश्न होता दोन कर्मांचा. ‘अमायी अकुउम्बिरा आना म्त्सुको’, आई मुलांसाठी मातीची घागर घडवतेय. क्रियापदात कर्माच्या खुणेला जागा एकच, मग ती कुणाची? किलिमांजारोच्या चागा भाषेत मुलांची किंवा घागरीची, दोन्ही चालतात. अमायींनी मुलांची खूण घालून ‘अकुवाउम्बिरा म्त्सुको’ म्हणून दाखवलं. घागरीची घालून मी म्हटलं, तेव्हा त्यांनी वाक्य पूर्णही होऊ दिलं नाही. “नाही. घागर नंतर. आधी मुलं.”