पेटीची पाठ उघडी का?

घरी आलेला कोणीही माझ्या गिटारच्या स्पीकरची पेटी मागून पाहिली की एकच प्रश्न विचारतो: "मागची फळी बसवायची राहिली आहे का?" परवा तुम्हीही तेच विचारलेत, आणि हे उत्तर दारात उभ्याउभ्या देण्यासारखे नाही, म्हणून लिहीत आहे. फळी राहिलेली नाही. ती कापून, घासून, रेक्झिन लावून माझ्या पलंगाखाली ठेवलेली आहे, आणि या पेटीत सर्वांत जास्त विचार मी ती फळी काढण्यावरच केला आहे.

स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते, म्हणजे पुढून आणि मागून निघणारे आवाज एकमेकांच्या नेमके उलट असतात. स्पीकर पेटीवाचून नुसता टेबलावर ठेवून वाजवला तर तो किरटा वाटतो, कारण मागचा आवाज वळसा घालून पुढे येतो आणि पुढच्याला खोडून टाकतो. हे प्रामुख्याने खालच्या सुरांच्या बाबतीत घडते. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ८२ कंपने होतात आणि त्या सुराच्या लहरीची लांबी हवेत ४ मीटरहून थोडी अधिक भरते. अर्ध्या मीटरच्या पेटीला वळसा घालणे तिला मुळीच अवघड नसते. याउलट ३,००० कंपनांच्या लहरीची लांबी जेमतेम साडेअकरा सेंटीमीटर असल्यामुळे ती बहुतांशी सरळ समोर जाते. पाठ बंद केली की मागचा आवाज आतच कोंडतो, आतली हवा शंकूला स्प्रिंगप्रमाणे आवरून धरते आणि खालचे सूर भरीव, घट्ट येतात.

या एका फळीने केवढा फरक पडतो याचे उदाहरण इतिहासातच आहे. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात १९६२ मध्ये जो पहिला अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला, तो अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या 'बेसमन' या अ‍ॅम्प्लिफायरवर बेतलेला होता. बेसमनमध्ये १० इंची ४ स्पीकर मागून उघड्या पेटीत होते. मार्शल यांनी १२ इंची ४ स्पीकर बंद पेटीत बसवले. सर्किट जवळपास तेच असूनही आवाजाची जात बदलली, आणि त्यात पेटीचा वाटा मोठा होता.

मलाही तोच भरीवपणा हवा होता, म्हणून मी आधी बंद पेटीच बांधली. पहिल्या प्रयत्नात स्वस्त म्हणून एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, वापरले आणि एका पावसाळ्यात खालचा कोपरा फुगून स्क्रू सैल झाले. मुंबईच्या दमट हवेत ते लाकूड पुन्हा वापरणार नाही. दुसऱ्या वेळी १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय घेतला. बाहेरून २० इंच रुंद, १८ इंच उंच, ११ इंच खोल अशी पेटी, आत १२ इंची, २५ वॉटचा, ८ ओहमचा एक स्पीकर. सांधे फेव्हिकॉल लावून शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवले. जॅक आणि वायर लॅमिंग्टन रोडवरून आणली. वायर दोन तारांची आणि जाडच घ्यावी. गिटारला लावतो ती बारीक केबल या कामाची नव्हे. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याच्या ८ ओहमच्या सॉकेटला ८ ओहमचाच स्पीकर जोडावा, आणि स्पीकर न जोडता तो कधीही वाजवू नये, कारण त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

पेटी उत्तम झाली होती, पण माझी खोली १० फूट बाय १२ फुटांची आहे. अशा लहान खोलीत, त्यातही कोपऱ्यात ठेवलेल्या पेटीचे खालचे सूर भिंतींमुळे आणखी फुगतात. शिवाय हेच सूर भिंतीपलीकडे सर्वांत सहज जातात. शेजारच्या काकूंनी मला बोलावून त्यांच्या मांडणीवरची ताटे कशी थरथरतात ते दाखवले. आवाज कमी करून वाजवला तर त्यातली जान जात होती. पाठ मी तीन आडव्या फळ्यांची केली होती, म्हणून मधली ८ इंच रुंदीची फळी काढून पाहिली. घुमारा उतरला, आणि आधी पेटीच्या नेमके समोर बसल्यावरच ऐकू येणारा सूर मागच्या भिंतीवरून परतून सगळ्या खोलीत पसरला. ताटे थरथरायची थांबली. हाताखाली गिटार किती मोकळी वाटू लागली, हे मी आजही विसरलेलो नाही.

यात गमावले तेही सांगतो. जाड तारेवरचा धक्का पूर्वीसारखा छातीवर येत नाही. उघड्या पेटीत शंकूला आवरणारी हवा नसल्याने खालच्या सुरांना तो अधिक हलतो. माझा अ‍ॅम्प्लिफायर १५ वॉटचाच असल्याने ते चालते, पण या पेटीवर बेस गिटार वाजवू देत नाही. पेटी भिंतीला अगदी चिकटवली तर उघड्या पाठीचा उपयोगच राहत नाही, म्हणून ती दीड फूट पुढे ओढलेली असते आणि येताजाता तुम्हाला लागते. एखाद्या मोठ्या हॉलमध्ये वाजवायचे असेल तेव्हा पलंगाखालची फळी काढतो आणि सहा स्क्रूंनी ती पुन्हा जागेवर बसवतो.