आज एक तारीख

उठल्या उठल्या मोबाइलवर कोटा पाहिला. आमच्या ब्लॉकचा, म्हणजे इमारतीचा, चिनी कोटा भरलाय.

सिंगापूरबाहेरच्या मंडळींसाठी सांगते. १९८९ पासून इथल्या सरकारी वसाहतींत प्रत्येक ब्लॉकला वंशानुसार कमाल मर्यादा आहे; सध्या चिनी ८७ टक्के, मलय २५, भारतीय आणि इतर १५. चिनी मर्यादा भरली की आम्ही भारतीय मालक चिनी कुटुंबाला घर विकू शकत नाही. शेजारचा चिनी मालक मात्र विकू शकतो. हे आकडे दर महिन्याच्या एक तारखेला बदलतात.

परवा आमचं घर बघायला आलेल्या चिनी जोडप्यातली मुलगी आमच्या ओट्याची उंची वितीने मोजत होती, खिडकीशी कितीतरी वेळ उभी होती. आज तिला "नाही" सांगताना माझाच घसा दाटला. उरलेली गिऱ्हाइकं भाव पाडून मागतात.

तरी धोरणच नको, असं म्हणवत नाही. समोरच्या मलय मकचिकने, म्हणजे मावशीने, माझ्या बाळंतपणात महिनाभर गरम सूप आणून दिलं. असा शेजार मला हवाच आहे. पण त्याचा भुर्दंड विकणाऱ्या एकट्या घराला का? २०२२ पासून फारच अडलेल्यांचं घर सरकारने परत विकत घ्यायची सोय आहे. उद्या तिथे चौकशी करते.