खाडीकाठचा फ्लॅट बघताना

आज जुळे सोलापुरात पुन्हा तोच विषय निघाला, पोराची नोकरी नवी मुंबईत, तर फ्लॅट घ्यायचा का? घ्या की, पण जमीन समजून घ्या. 1970 साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली तेव्हा तिथं 95 गावं, भातखाचरं, मिठागरं होती. वाशीसारखे बरेच भाग खाडीकाठच्या दलदलीत भराव टाकून उभे राहिले. काळ्या मातीची सवय असलेल्या आपल्याला हे लगेच उमगेल. भरावाखालचा मऊ गाळ वर्षानुवर्षं दबत जातो. पाइलवरची, म्हणजे खोल कठीण थरापर्यंत नेलेल्या खांबांवरची, इमारत जागची हलत नाही, पण बाहेरचं आवार खचतं आणि ड्रेनेजचा उतार उलटा होतो. पायरी आणि फरशीतली फट आधी बघा.

दुसरं, धारण तलाव. भरतीला तलावाच्या खाडीकडच्या झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला खाडीत जातं. झडपेत कचरा अडकला की खाडीच आत येते. तलाव गाळानं भरले की पाणी मावत नाही आणि आत कांदळवन उगवलं की गाळ काढायलाही परवानगी लागते. म्हणून घर जुलैत, मोठ्या भरतीच्या वेळी बघा.

आणि सिडकोचा भूखंड बहुधा 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. किती वर्षं उरलीत, हस्तांतरण शुल्क कोण भरणार, हे टोकन देण्याआधीच लिहून घ्या.