भाजीचं पेट्रोल

नेरूळच्या बाजारात टोमॅटोचा ढीग दिसला की पर्यावरणाची काळजी करणारं मन लगेच अंतर मोजू लागतं. नाशिकजवळचं पिंपळगाव बसवंत, कसारा घाट, भिवंडी, तुर्भ्याचं मार्केट यार्ड. 200 किलोमीटर तरी! केवढं हे डिझेल!

पण हिशेब करूनच बघावा. 10 टन माल भरलेला ट्रक लिटरला 5 किलोमीटर धरला तर 40 लिटर जळलं. किलोमागे 4 मिलिलिटर, चहाचा चमचाही भरत नाही. रिकामा परतला तरी आकडा 8 च्या वर जाणार नाही. आता गिऱ्हाईक. 2 किलो भाजीसाठी स्कूटरवरून जाऊन-येऊन 4 किलोमीटर, लिटरला 45 चं अॅव्हरेज, म्हणजे किलोमागे जवळपास 45 मिलिलिटर पेट्रोल. काश्मीरमधल्या सोपोरचं सफरचंद 15 टनांच्या ट्रकमधून 2,200 किलोमीटर येतं, तेही किलोला 40 मिलिलिटर डिझेलच्या आत! (शीतगृहाची वीज वेगळी. तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, खाणार एप्रिलमध्ये, तर ती खाणाऱ्याच्याच खात्यावर.)

खरा खड्डा नासाडीत आहे. पानं तोडल्यावरही श्वास घेत असतात. मेथीच्या ओल्या जुड्या गच्च रचल्या की आतल्या आत तापतात आणि पहाटे यार्डात सोडाव्यात तर मधल्या पिवळ्या. टोमॅटोचं क्रेट काठाच्या वर भरलं की त्यावरचं क्रेट त्याचा रस काढतं. फेकलेल्या किलोबरोबर त्याचं खत, पाणी, डिझेल सगळंच गेलं. शिवाय कचऱ्याच्या ढिगाखाली हवेविना कुजताना मिथेन सुटतो, 100 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून जास्त तापवणारा. म्हणून जवळची घ्यायची तर पालेभाजी घ्यावी. कांदा-बटाटा खुशाल लांबून येऊ दे. न्हावाशेव्याला बोटीतून उतरलेल्या किवीवरही रागावू नये. विमानातून आलेल्या चेरीवर मात्र जरूर रागवावं: तेवढंच वजन तेवढंच अंतर न्यायला विमान बोटीच्या पन्नासेक पट कार्बन सोडतं.

पावसाच्या तोंडावर ठाणे स्टेशनबाहेर शेवळं या रानभाजीच्या जुड्या मांडून बायका बसतात. माल लोकलने आलेला. गाडी तशीही धावणारच होती. याहून स्वस्त वाहतूक नाही. फक्त शेवळांबरोबर काकडं ही आंबट रानफळं मागून घ्यावीत. त्यांच्या आंबटपणाशिवाय घसा खाजतो आणि अख्खी भाजी कचऱ्याच्या डब्यात जाते.